मंत्री आले त्या दिवशीचं आकाश

डॅनब्रिजच्या वीजकेंद्रात पाहुण्यांना दाखवण्यासारखं काही नव्हतं, हीच ऑरेस्ट सावचुकची पंचाईत होती. कोळशाच्या खाणीतलं अवाढव्य यंत्र दाखवलं असतं, तर लोकांनी तोंडात बोटं घातली असती. पण मंत्री येणार होते ते कार्बन पकडणारा कारखाना बघायला, आणि पकडलेला कार्बन डायॉक्साइड काही पिंजऱ्यात बसून शेपूट हलवत नाही. तो एका नळातून येतो, दुसऱ्या नळातून जातो, आणि बघणाऱ्याला दिसतात ते फक्त नळ.

ऑरेस्ट ह्या कारखान्याचा प्रमुख. कोळसा जाळून निघालेला धूर त्याच्याकडे एका उंच मनोऱ्यात खालून शिरायचा आणि वरून त्याच्यावर अमीनचा पाऊस पडायचा. अमीन म्हणजे सडक्या माशासारखा वास मारणारं एक द्रावण. धुरातला कार्बन ते धरून ठेवतं. मग दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन त्याला वाफेने तापवलं की धरलेलं सोडतं, आणि मोकळं होऊन पुन्हा पहिल्या मनोऱ्यात धरायला हजर. सुटलेला वायू दाबून तेलवाल्यांकडे पाठवायचा. तेलवाले तो जमिनीत कोंबत, आणि त्याच्या रेट्याने खालून आणखी तेल वर येई. ह्यात कोणाला काही विनोदी वाटलंच, तर त्याने ते गावातल्या कॉफीच्या दुकानात बोलून दाखवू नये. तिथे टेबलाच्या एका बाजूला कोळसावाले बसतात, दुसऱ्या बाजूला तेलवाले, आणि दोघांच्याही घरांची छपरं ह्याच वायूवर शाकारलेली आहेत.

ह्या भेटीवर काय अवलंबून होतं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मंत्र्यांना आवडलं तर वीजकेंद्राच्या दुसऱ्या संचालाही असाच कारखाना मंजूर होणार होता. गावाला त्यात नोकऱ्या दिसत होत्या. ऑरेस्टला मात्र त्यात फक्त लारिसा दिसत होती. त्याची ही एकुलती मुलगी रसायनाची इंजिनिअर, दिवसभराच्या रस्त्यावर कॅल्गरीत. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती आपल्या मुलीला, कालिनाला, घेऊन तिथेच एका सदनिकेत राहत होती. दुसरा कारखाना झाला तर त्याची रचना तिच्याकडे द्यायची असं कंपनीने तोंडी कबूल केलं होतं. नाही झाला, तर डॅनब्रिजमध्ये तिच्या जोगं काम नव्हतं आणि व्हायचंही नव्हतं. नात सात वर्षांची झाली होती. फोनवर ती 'गीदो', म्हणजे आजोबा, म्हणून हाक मारायची आणि मग पुढे काय बोलायचं ते तिला सुचायचं नाही. आजोबाला असा मुका फोन किती लागतो हे ऑरेस्टने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

बायको स्तेफा. ती चर्चच्या स्वयंपाकघराची अनभिषिक्त राणी. दर गुरुवारी गावातल्या बायका तिच्या हाताखाली शेकड्यांनी पेरोही, म्हणजे बटाट्याचं सारण घातलेल्या उकडलेल्या करंज्या, भरायच्या, आणि एकीच्याही कडा सुटल्या तर स्तेफाच्या भुवया आधी बोलायच्या.

"फरशी कशी आहे तुमची?" भेटीच्या आदल्या आठवड्यात तिने विचारलं.

"कसली फरशी?"

"पंपांच्या खालची. मागच्या वर्षी घरच्यांना बोलावलं होतंत तेव्हा बघितली ना मी. तपकिरी डाग. एखाद्याने तिथे डुक्कर कापलं असावं असे."

"ते अमीनचे जुने डाग आहेत. जात नाहीत."

"बिशप आले होते तेव्हा मी तळघराचा जिना घासला होता, ऑरेस्ट. बिशप तळघरात उतरणारही नव्हते. आणि तू मंत्र्याला त्या डागांवरून चालवणार?"

ऑरेस्ट हसला खरा, पण रात्रभर ते डाग त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. आमच्या ह्या माळरानावर माणसाची किंमत त्याच्या फरशीवरून होते. पीक बुडालं तर देवाची मर्जी म्हणतात. फरशी मळकी असली तर आईच्या वळणाला बोल लावतात.

अडचण एकच होती. अमीनच्या भागात साबण वापरायचा नाही, फक्त गरम पाणी. तशी पाटी खुद्द ऑरेस्टनेच लावली होती. कारण तिथल्या फरशीवरचं पाणी गटारात जात नाही. ते एका खड्ड्यात उतरतं आणि खड्ड्यातून पंपाने परत टाकीत जातं. अमीन महाग, सांडलेला थेंबही पुन्हा कामाला लावायचा. साबण त्यात गेला तर मनोऱ्याचं काय होईल ते सांगायला इंजिनिअर नको. भांडी घासणाऱ्या कोणालाही विचारा.

पण माणूस एकदा फरशीच्या नादी लागला की त्याची अक्कल बादलीत बुडते. ऑरेस्टने हिशेब केला: खड्ड्याचा पंप बंद ठेवू, साबणाचं पाणी खड्ड्यातच राहील, मंत्री गेले की टँकर बोलावून उपसून टाकू. स्तेफाने चर्चच्या स्वयंपाकघरातला तो जाड हिरवा साबण दिला. पेरोहीच्या कढयांवरची चरबी ज्याच्यापुढे शरण जायची, त्याच्यापुढे अमीनचे डाग काय टिकणार? भेटीच्या आदल्या संध्याकाळी ऑरेस्टने स्वतः गुडघ्यावर बसून फरशी घासली. सोबत दोघे भरवशाचे गडी घेतले. फरशी अशी निघाली की तिच्यावर पोळपाट न घेता कणीक लाटावी. खड्ड्याचा पंप बंद करून तो समाधानाने घरी गेला. सकाळच्या पाळीसाठी मात्र त्याने निरोप ठेवला नाही. आपलीच पाटी आपणच मोडली हे कोणत्या तोंडाने सांगणार?

सकाळच्या पाळीला ग्लेन टोलेफसन होता. नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांचा नातू, ज्याच्या घरात सुतळीचा तुकडासुद्धा गुंडाळून खणात ठेवायचा. ग्लेनने फेरी मारली. खड्डा काठोकाठ भरलेला, वर अमीनचा वास, आणि पंप बंद. एवढं महागाचं द्रावण कोणीतरी विसरून तसंच ठेवलेलं बघून त्याचा जीव कळवळला. त्याने पंप चालू केला. त्याच्या जागी आमच्यातला कोणीही असता तरी त्याने हेच केलं असतं, आणि वर शाबासकीची वाट बघितली असती.

ऑरेस्ट दाढी करत होता तेव्हा फोन आला.

"मनोऱ्याला फेस आलाय," ग्लेन म्हणाला.

"किती?"

"काचेतून बघितलं तर दुसरं काही दिसतच नाहीये. लग्नातल्या बिअरसारखा चढतोय. दाब वाढलाय. फेस मारायचं औषध घातलं, तर दोन मिनिटं बसला आणि पुन्हा उठला."

"खड्ड्याचा पंप?"

"तो बंद होता बघ. कुणीतरी विसरलं होतं. मी चालू केला, काळजी करू नकोस."

ऑरेस्टने आरशात बघितलं. अर्धी दाढी झाली होती, आणि उरलेल्या अर्ध्या गालावर भरपूर फेस होता. त्याला त्या फेसाचीही शिसारी आली.

तो पोचला तेव्हा मनोऱ्याच्या टोकावरून तपकिरी तुषार उडत होते. पाहुण्यांसाठी आणलेल्या पांढऱ्या शुभ्र गाडीवर त्यांचे ठिपके पडले होते. कंपनीच्या रिजायनातल्या मुख्य कचेरीतून आलेली कोर्टनी रुमालाने ते पुसत होती, आणि नाकाला तोच रुमाल लावावा की दुसरा काढावा ह्या विचारात होती. प्रसिद्धीचं सगळं काम तिच्याकडे.

"मंत्री तासाभरात पोचतायत," ती म्हणाली. "हे थांबवा."

"हे थांबवायचं म्हणजे कारखाना थांबवायचा."

"सगळा?"

"अर्धा मनोरा थांबवता येत नाही, बाई."

"मग थांबवा. पण नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर दिवे चालू राहतील ना?"

दिवे चालू राहणार होते. वीजकेंद्रही चालूच राहणार होतं. फक्त धूर आता मनोऱ्यात न शिरता जुन्या धुराड्यातून थेट आकाशात जाणार होता, पकडबिकड काही नाही, अंगावरच्या सगळ्या कार्बनसकट. ऑरेस्टने स्वतःच्या हाताने झडप फिरवली. लारिसाच्या येण्याच्या वाटेवर आपणच झडप पाडतोय असं त्याला वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ह्यालाच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कारखाना चालू असला की मनोऱ्याच्या टोकातून बाहेर पडणारा वायू ओला आणि कोमट असतो. त्यामुळे दिवसभर वर पांढऱ्या वाफेचा लोट दिसतो. हमरस्त्यावरून जाणारे प्रवासी गाडी थांबवून त्याचे फोटो काढतात आणि 'बघा, ह्यांचं प्रदूषण' म्हणून जगभर पाठवतात. उलट कारखाना बंद असला की जुन्या धुराड्यातून गरम, कोरडा धूर निघतो. त्यातली राख गाळलेली असते, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत तो डोळ्यांना अजिबात दिसत नाही. म्हणजे काम केलं की बदनामी, आणि हात वर केले की आकाश निरभ्र. हा न्याय आमच्या गावाने लावलेला नाही. तो वाफेचा आहे.

मंत्री आले. उंच, हसतमुख, पायांत नवे कोरे बूट. गाडीतून उतरताच त्यांनी वर बघितलं आणि तसेच थांबले. जूनचं निळंभोर आकाश, त्यात दोन मनोरे, एक धुराडं, आणि कुठे एक पांढरी रेघ नाही.

"मला वाटलं होतं, थोडा तरी धूर दिसेल," ते म्हणाले.

ऑरेस्टने तोंड उघडलं. खरं सांगायचं असं त्याने येता येता ठरवलंच होतं. निदान त्याला नंतर तसं आठवत होतं. पण कोर्टनीचं कोपर बरगडीत बसलं.

"आज नाहीये," ऑरेस्ट म्हणाला.

"अजिबात नाही?"

"दिसण्यासारखा नाही."

"कमाल आहे," मंत्री म्हणाले आणि त्यांच्यासोबतच्या फोटोवाल्याला बोटाने वर दाखवलं. फोटोवाला गवतात आडवा पडून आकाशाचे फोटो काढू लागला.

आत त्यांनी फरशीकडे ढुंकूनही बघितलं नाही. पंपांचा आवाज नव्हता. त्याचंही त्यांना कौतुक वाटलं. "किती शांत काम चालतं हो," ते म्हणाले. ग्लेन नियंत्रण कक्षात खुर्चीत ताठ बसला होता आणि बंद कारखान्याच्या पडद्याकडे अशा एकाग्रतेने बघत होता की जणू तो चालूच आहे.

पडद्याच्या मधोमध मोठा आकडा होता. पकडलेल्या वायूचा. तो होता शून्य.

"हे शून्य म्हणजे?" मंत्र्यांनी विचारलं.

खोलीतल्या माणसांनी आपापले बूट नीट तपासून घेतले. मंत्र्यांनीच मग ओळखल्यासारखी मान हलवली. "हवेत जाणारा?"

ऑरेस्टला लारिसा आठवली असं म्हणणं खोटं होईल. ती सकाळपासून त्याच्या डोक्यातून गेलीच नव्हती. "आकडा शून्यच आहे, साहेब," तो म्हणाला. शब्दाशब्दाने खरं होतं ते. मंत्र्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला, शून्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला, आणि चर्चच्या सभागृहात स्तेफाच्या पेरोही खाताना तीनदा म्हणाले की इतकं स्वच्छ काम त्यांनी देशात कुठे बघितलेलं नाही.

मंत्री गेल्यावर ग्लेन ऑरेस्टजवळ येऊन उभा राहिला.

"तू खोटं बोलला नाहीस," तो म्हणाला.

"नाही."

"मीही नाही. मी तर काहीच बोललो नाही."

"साबण माझा होता, ग्लेन."

"फेसाच्या वासावरून कळलं मला. आमच्या लग्नाच्या जेवणाची भांडी त्याच साबणाने घासली होती." मग म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. राहू दे."

फेस बसायला, द्रावण गाळायला आणि साबण काढून टाकायला बराच काळ गेला. कारखाना पुन्हा चालू झाला, वाफेचा पांढरा लोट पुन्हा वर चढला, प्रवासी पुन्हा गाड्या थांबवू लागले. पानं पिवळी पडायच्या सुमारास दुसऱ्या कारखान्याची मंजुरी आली. वर्तमानपत्रात बातमीसोबत जूनमधल्या त्या आकाशाचा फोटो छापला होता. ऑरेस्टने तो कापून ठेवला नाही. स्तेफाने ठेवला.

लारिसाने कॅल्गरीतली सदनिका विकली. पहिल्या बर्फाआधी ती आणि कालिना सामानाने भरलेल्या गाडीतून अंगणात उतरल्या. कालिना पळत आली आणि आता फोनवर नव्हती म्हणून की काय, तोंड मिटेचना. ऑरेस्ट त्या दिवशी गॅरेजमध्ये जाऊन रडला. बाहेर येऊन म्हणाला, डोळ्यात भुसा गेला. ते जूनचं प्रकरण त्याने मनातल्या मनात मिटवून टाकलं. कोणाचं वाईट झालं? गावाला नोकऱ्या मिळाल्या, मंत्र्यांना फोटो, त्याला नात. आकाशाचं काय, ते कुठे तक्रार करायला येतंय?

तक्रार आकाशाने केली नाही, मंत्र्यांच्या कचेरीने केली. तिथून कोणीतरी हमरस्त्यावरून गेलं होतं, आणि त्याला पांढरा लोट दिसला होता.

रविवारी संध्याकाळी लारिसा कामावरून आल्यासारखी कागद घेऊन जेवायला आली. स्तेफा कालिनाला चर्चमध्ये नाचाच्या सरावाला घेऊन गेली होती. ओव्हनमध्ये दोघांसाठी होलुब्त्सी, कोबीच्या पानात भात-खिमा गुंडाळलेल्या वळकट्या, ठेवलेल्या. ऑरेस्टने वाढल्या.

"तातो, तुझी मदत पाहिजे," लारिसा म्हणाली. "इथलं माझं पहिलंच काम आहे आणि तूच ते आधी करून बसलायस."

"मी काय केलं?"

"मंजुरीत आता एक अट घातलीय. दोन्ही कारखान्यांवर आकाश त्या फोटोतल्यासारखं दिसलं पाहिजे. वाफ नको. मुख्य कचेरी म्हणते, वायू बाहेर सोडायच्या आधी पुन्हा तापवा म्हणजे वाफ दिसणार नाही."

"तापवायला गॅस जाळावा लागेल."

"तेच तर. कार्बन पकडायचा, आणि पकडलेला दिसू नये म्हणून आणखी जाळायचा. वेडेपणा आहे. मी त्यांना म्हटलं, थांबा. माझ्या वडिलांनी जूनमध्ये हीटर न लावता हे करून दाखवलंय. फोटो आहे." तिने कोबीच्या पानाचा तुकडा काट्याने तोडला, डोळे चमकत होते. "वायू धुणारं पाणी गार केलं होतंस ना? की वायू कमी सोडलास? दहा वर्षं हे मनोरे काढतेय मी, मला जमलं नसतं. तिथल्या सगळ्यांना सांगितलंय मी, की हे माझ्या वडिलांचं डोकं आहे. त्या दिवशी यंत्र कसं लावलं होतंस तेवढं सांग."

ऑरेस्टने काटा खाली ठेवला. थाप मारता आली असती. पण ती थाप घेऊन लारिसा उद्या मनोऱ्यापाशी गेली असती, महिनोन्महिने यंत्र फिरवत बसली असती, आणि जमत नाही म्हणून स्वतःलाच बोल लावत राहिली असती. तिचा तो स्वभाव त्याला माहीत होता. त्याचाच होता तो.

"बंद होतं," तो म्हणाला.

"काय बंद होतं?"

"सगळं. कारखाना. द्रावणाला फेस आला होता, माझ्या चुकीने. धूर जुन्या धुराड्यातून जात होता. म्हणून काही दिसलं नाही."

लारिसा रागावेल, ताट सारून उठेल, हे त्याने धरलंच होतं. ती कॅल्गरीला परत जाईल, कालिनाचा फोन पुन्हा मुका होईल, इथपर्यंत तो मनाने जाऊन पोचला होता. आणि तरीही एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याची छाती जरा मोकळी झाली होती. कोणीतरी आता खरं काय ते जाऊन सांगेल. ती सांगेल. त्याने तिला तसंच वाढवलं होतं.

"आणखी कोणाला माहीत आहे?" लारिसाने विचारलं.

"ग्लेनला. कोर्टनीला."

"ते बोलणार नाहीत."

"नाही."

तिने खिडकीबाहेर बघितलं. अंगणात कालिनाची नवी सायकल भिंतीला टेकून उभी होती. मग तिने कागद जवळ ओढला, खिशातून पेन काढलं, आणि मान खाली घालूनच म्हणाली, "ठीक आहे. मग हीटरच लावावा लागेल."

मुलगी आता कुठे जाणार नव्हती. ह्याचसाठी तर त्याने जूनमध्ये तोंड मिटलं होतं. लारिसा कागदावर आकडे मांडत होती, तिचं अक्षर हुबेहूब त्याच्यासारखं होतं, आणि ऑरेस्ट समोर बसून मनात एकच म्हणत होता: ऊठ, पोरी. ताट सार आणि ऊठ.

"तातो," ती म्हणाली, "थंड होतंय. जेव."